उघडलं की कळव

३ मार्च

ती. मामा,

नमस्कार. वाकून करायचा राहिला, तो भेटीत वसूल करा.

आमची माहेरवाशीण काल परत आली, दुसऱ्यांदा! रॉकेटच्या पहिल्या टप्प्याला शेडमध्ये आता सगळे हेच म्हणतात. वर जाते, उपग्रह नेणाऱ्या वरच्या टप्प्याला निरोप देते आणि आपल्या पायांनी उतरून घरी येते. या खेपेला चेहरामोहरा मात्र बघवत नाही. निम्म्या उंचीपर्यंत काजळी, एक पाय वाकलेला, आणि खाऱ्या वाऱ्याने बोल्ट असे धरून बसलेत की काल एकाने पाना फेकूनच दिला.

पहिल्या खेपेला तिला पुन्हा उडण्याजोगी करायला आम्हाला अकरा महिने लागले. तेवढ्यात नवी कोरी झाली असती, असं जेवणाच्या सुट्टीत लोक बोलतात. मी टेबलाशी आले की विषय बदलतात. तर मोठ्या साहेबांनी या वेळी साठ दिवस दिलेत. साठ दिवसांत उडाली नाही, तर परत आणण्याचा हा उद्योगच बंद. मग पूर्वीसारखं, एकदा वापरा आणि समुद्रात टाका. शेडला कुलूप आणि आम्ही तीनशे माणसं वाटेल तिकडे पांगणार. पाच इंजिनं पुन्हा चालवायला योग्य आहेत, या कागदावर सही माझी. नशीब बघा.

तुम्ही फोन का उचलत नाही? मामी उचलते, "ते बाहेर गेलेत" म्हणते, आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो. मी काय उसने मागायला फोन करते का?

तुमची ठमी

•

११ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने काय लिहायचे.

फोनवर माझं बोलणं होत नाही, हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवावा लागतो. कागदावर माणूस विचार करून लिहितो. तेव्हा मामीला खोटं बोलायला लावल्याबद्दल दोष मला दे. ती तशीही टीव्हीच्या आवाजावरून माझ्यावर डाफरतच असते.

आता तुझ्या माहेरवाशिणीचं. मी चौतीस वर्षं इंजिनांचे पंप जोडले, त्यातला एकही परत आला नाही. आम्ही एकदाच चालायचं म्हणून बनवायचो. कुठे काही चुकलं असेल तर ते समुद्राच्या पोटात, कुणाला पत्ता नाही. तुमची पंचाईत ही की तुमची चूक परत घरी येते आणि समोर उभी राहते. मला विचारशील तर ते जास्त अवघड काम आहे. हे साहेबांना सांगू नको, उगाच फुशारतील.

मधल्या इंजिनाचा पंप नीट बघ. बाकीची चार एकदा पेटतात आणि सुटतात. मधलं जाताना पेटतं, परतताना पेटतं, उतरताना पुन्हा पेटतं. मिनिटाला तीस हजार फेरे घेणारी बेअरिंग अशी वारंवार गरम-थंड करायची म्हणजे तिचे हाल. कॅमेऱ्याच्या नळीतून तिची एकच बाजू दिसते. म्हणून आसाला किल्ली लाव, हाताने सावकाश फिरव आणि लाकडी दांडीचं एक टोक पंपाला, दुसरं कानाला लावून ऐक. निदान सात फेरे. घाई केलीस तर काही ऐकू येणार नाही.

माझी शिसवी दांडी पार्सलने पाठवतोय. मला आता तिचा उपयोग नाही.

मामा

•

२ एप्रिल

ती. मामा,

दांडी पोचली. शेडमध्ये आधी सगळे हसले. "ठमीबाई आता रॉकेटला कान लावणार." मग तुमचं नाव सांगितलं, तेव्हा जुने लोक उठून बघायला आले. एकाने तर दांडीला हात लावून नमस्कार केला.

पण मामा, हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मधल्या पंपात मला काहीतरी ऐकू आलं. प्रत्येक फेऱ्यात, एकाच जागी. तांदूळ खाताना दाताखाली बारीक खडा यावा तसं, आणि लगेच सगळं गुळगुळीत. सात फेरे केले, मग सत्तर केले. कंपनं मोजायचं यंत्र म्हणतं सगळं मर्यादेत आहे. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. दुसऱ्या दोघांनी दांडी लावली, त्यांना काही ऐकू आलं नाही. की मलाच भास होतोय?

पंप उघडायचा म्हणजे चाळीस दिवस. सुटा करून दुसऱ्या कारखान्यात न्यायचा, खोलायचा, जोडायचा, पुन्हा चाचणी. साठ दिवस तिथेच संपले. साहेब म्हणाले, "दर वेळी उघडूनच बघायचं असेल तर परत आणायची कशाला?" चूक म्हणता येत नाही त्यांना. न उघडता पुन्हा उडवता आली पाहिजे, यासाठीच तर एवढा खटाटोप. आणि नाही उघडला, आणि बेअरिंग उतरताना अडकली, तर माझ्या सहीने ती जाईल.

तुम्ही एकदा या. तासाभराचा पास मिळतोय. तुम्ही ऐका आणि सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन, शब्दाबाहेर जाणार नाही.

ठमी

•

९ एप्रिल

चि. ठमे,

तुझ्या कानांना ऐकू आलं ना? मग मी कशाला हवा? म्हाताऱ्याला एवढ्या लांब हेलपाटा. दुसऱ्या दोघांना ऐकू आलं नाही म्हणून तू भास ठरवतेस, पण ऐकायला तुला कुणी शिकवलं ते विसरलीस वाटतं.

पण येतो. पंधरा तारखेला सकाळच्या गाडीने. मामी येणार नाही, तिचे गुडघे धरलेत. ती म्हणते, जाण्याआधी ठमीला सगळं लिही. सगळं म्हणजे काय लिहायचं? भेटीत बोलू.

मामा

•

१६ एप्रिल

ती. मामा,

नीट पोचलात ना? पास तासाभराचा, त्यात अर्धा वेळ जुन्या लोकांनी खाल्ला. "मामा आले, मामा आले" करून तुम्हाला लग्नातल्या वरबापासारखं फिरवलं. बोलायला मिळालंच नाही, आणि तो काजळी ओढणारा पंखा मेला बंद करता येत नाही.

पण तुम्ही दांडी लावलीत, डोळे मिटलेत, सात फेरे पुरे होईपर्यंत हललाही नाहीत. आणि मग तो एक शब्द. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, त्याच दिवशी कागदावर सही करून टाकली. साहेबांनी कागद वाचला आणि नुसती मान हलवली.

पुढच्या तारखा पत्रात लिहायची परवानगी नाही, तेव्हा विचारू नका. इथे चार दिवस सारखं ढगाळ आहे, अंगणात टाकलेले कपडे वाळत नाहीत.

ठमी

•

२४ एप्रिल

चि. ठमे,

नीट पोचलो. गाडीत डबा विसरलो, त्यावरून मामीने घर डोक्यावर घेतलं.

सही केलीस हे वाचून बरं वाटलं. मनात आलेली गोष्ट कागदावर उतरवायला धाडस लागतं, ते तुझ्यात आहे. साठ दिवसांचं फार मनावर घेऊ नको. चार आठवडे इकडेतिकडे झाले म्हणून कुणी फासावर देत नाही. आणि साहेब लोकांचं तोंड वाकडं व्हायचंच, त्यांना तेवढ्यासाठीच नेमलेलं असतं.

मला मात्र इथे चैन पडत नाही. उघडलं की कळव. लांबलचक लिहीत बसू नको, कार्ड टाक.

मामा

•

१ मे, सकाळ

ती. मामा,

उघडलं! आत्ताच. अगदी लख्ख, कुठे डाग नाही. आता तुम्ही निश्चिंत बसा, पुढचं टीव्हीवर कळेलच.

ठमी

•

५ मे

चि. ठमे,

एक तारखेला टीव्हीवर पाहिलं. मी आवाज बंद करूनच बघतो. वर गेली ती सुरेख गेली. परत येताना मधलं इंजिन पेटलं, विझलं, पुन्हा पेटलंच नाही. मग ती उभीच्या उभी पाण्यात शिरली. मामी म्हणाली, ही ठमीची. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, ठमीच्या पंपाचे अजून तुकडे टेबलावर मांडलेले असतील, ही दुसरी कुठली तरी असणार.

मग काल तुझं कार्ड आलं. उघडलं, लख्ख, कुठे डाग नाही. मी मामीला वाचून दाखवलं. बघ म्हटलं, बेअरिंग चांगली निघाली, पोरीला उगाच शंका आली होती. दोन घास जास्त जेवलो.

नंतर बसून बोटांवर दिवस मोजले. तू सही केलीस पंधराला. कार्ड एक तारखेचं. मध्ये सोळा दिवस. चाळीस दिवसांचं काम सोळा दिवसांत कुणी केलं? कुणी उघडला पंप? आणि पाण्यात गेली ती कोणती?

उलट टपाली लिही.

मामा

•

२९ मे

ती. मामा,

तुमचं पत्र तीन आठवडे माझ्या खणात पडून आहे. चौकशी समितीपुढे रोज बसत होते, हे एक सबब म्हणून ठीक आहे. खरं हे की तुमचं पत्र मला पहिल्यांदा कळलंच नाही, आणि कळल्यावर उत्तर लिहवेना.

पाण्यात गेली ती आपलीच.

पंप कुणीही उघडला नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, "मामा, हे चालेल का, की उघडू?" तुम्ही म्हणालात, "चालेल." मी पंप चालेल या कागदावर सही केली. तुम्ही लिहिलंत, उघडलं की कळव. इथे पंधरा दिवसांवर आभाळ भरलेलं, साठातला शेवटचा दिवस उजाडत आलेला, सगळी शेड गच्चीवर जाऊन ढगांकडे बघत होती. मला वाटलं तुम्हीही त्याचंच विचारताय. एक तारखेला पहाटे वारा फिरला, आभाळ उघडलं. लख्ख. मी धावत जाऊन कार्ड टाकलं. पेटीत टाकताना वाटलं, मामा खूश होतील.

समितीला तुमच्याबद्दल काही बोलले नाही. सही माझी होती, तेवढं पुरे आहे त्यांना.

उपग्रह जागेवर पोचला, त्यामुळे बाहेर कुणाला फारसं वाईट वाटलेलं नाही. पेपरात दोन ओळी आल्या. शेडला मात्र सोमवारी कुलूप लागलं. आधी सगळ्यांनी आपापली हत्यारं घरी नेली. ज्याने पाना फेकला होता ना, त्याने तोच पाना पुसून फडक्यात गुंडाळला. मी दिसले की वाट सोडून बाजूला होत होते, बस.

मामा, मला एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्हाला दांडीतून काय ऐकू आलं?

ठमी

•

७ जून

ठमे,

काही नाही.

मला तीन वर्षं झाली ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही, बारीक आवाज आधी गेले. घड्याळ, चहाचं आधण, मग मामीचं बोलणं. डॉक्टर म्हणाला, चौतीस वर्षं इंजिनांच्या चाचण्या जवळून ऐकल्यात, दुसरं काय होणार. कानात घालायचं यंत्र दिलं, ते खणात आहे. मामी सोडून कुणाला सांगितलं नाही. सगळ्या कारखान्यात मी कानाचा माणूस होतो, ठमे. तो कान गेला हे कुणाला सांगू?

जाण्याआधी लिही म्हणून मामी रडली. मी म्हटलं भेटीत सांगेन. मग तिथे ते सगळे जमले, मामा आले म्हणून खुर्ची दिली, आणि मी फुशारलो. मला वाटलं, दांडी हाडाला टेकवली की थोडं तरी येईल. नाही आलं. पंखाही ऐकू येत नव्हता, तो चालू होता हे मला तुझ्या पत्रातून कळलं. डोळे मिटले ते लाजेने. उघडल्यावर तू काहीतरी विचारत होतीस. मी ओठांवरून ओळखतो. आधीचं निसटलं, शेवटचं तेवढं पकडलं. उघडू? मी म्हणालो, चालेल. उघड बाई, तेच बरं, या अर्थाने. मनात म्हटलं सुटलो, पोर उघडणारच आहे, माझ्या कानावाचून काही अडत नाही.

तुला ऐकू आलं होतं ते खरं होतं, असं मला वाटतं. तुझा कान मी तयार केलाय. आणि तो मीच खोटा पाडला.

मी समितीला पत्र लिहून ठेवलंय. सगळं, कानासकट. तू म्हणशील तेव्हा टाकतो.

मामी जेवत नाही, माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी मला ऐकू काय येणार, पण आता तोंडही समोर आणत नाही. आता एका वेळी एकच विचारायचं ठरवलंय. ठमे, एकदा घरी येशील का?

मामा

•

१९ जून

ती. मामा,

समितीला लिहू नका. अहवाल आला. टप्पा चार हजार मीटर खाली आहे, कुणी वर काढणार नाही. शेवटच्या अकरा सेकंदांचे आकडे आहेत, त्यांवरून तीन शक्यता लिहिल्यात. बेअरिंग अडकली असेल. काजळीचा पापुद्रा सुटून पंपात गेला असेल. किंवा टाकीतलं उरलेलं इंधन हिंदकळून पंपाने हवा ओढली असेल. खाली लिहिलंय, निश्चित कारण सांगता येत नाही. म्हणजे पंप उघडला असता तरी ती गेली असती, असंही असेल. नसेलही. मला ते कधीच कळणार नाही, तुम्हालाही नाही. परत आलेली चूक समोर उभी तरी राहते असं तुम्ही लिहिलं होतं. ही परत आलीच नाही.

खरं सांगायचं तर मला "चालेल"च ऐकायचं होतं. सरळ "उघडू का" विचारलं असतं तर घोटाळा झालाच नसता. "चालेल का" जोडलं ते मी, आणि तेही आधी जोडलं. तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू येऊनही मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले.

मला जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलंय. काम नाही. तिसऱ्या उड्डाणानंतरच्या वेळापत्रकांच्या फायली आहेत, चौथं, पाचवं, थेट विसावं. त्यांवर "रद्द" असा शिक्का मारायचा. शेडमध्ये असाच आणखी एक पहिला टप्पा उभा होता, तो आता कुलूप काढून कापतायत. त्याचा आवाज इथपर्यंत येतो.

दांडी परत पाठवतेय. परवा आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाला लावून बघितली. नवा पंप आहे, चांगला चाललाय. मला त्यातही खडा ऐकू आला. मग शेजारणीच्या शिलाई मशीनला लावली, तिथेही आला. आता ती घरात नको.

तुम्ही एकच विचारलंत, म्हणून एकच उत्तर देते. नाही, मी येणार नाही. राग नाही मामा. राग असता तर आले असते, भांडले असते, जेवून परतले असते. पण आले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसाल, आणि मला म्हणावं लागेल की तुमची चूक नव्हती. ते मी पुटपुटते कधीकधी, एकटी असताना. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला ते म्हणता येणार नाही.

कानातलं यंत्र खणातून काढा आणि घाला. मामीसाठी.

ठमी